विद्यापीठात तालवाद्य शिकायचंय: मंचावरचा गुरू बरा की वर्गातला?

कांचनमृग

माझी भाची अमेरिकेत शाळेच्या शेवटच्या वर्षात आहे. सुरुवात ड्रमसेटने झाली, मग युवा ऑर्केस्ट्रात टिंपनी (हव्या त्या स्वरात लावायचे मोठे ढोल), आणि आता दिवाणखान्याची एक अख्खी भिंत अडवून मारिंबा (काठ्यांनी वाजवायचं लाकडी पट्ट्यांचं वाद्य) उभा आहे. पदवीही तिला यातच करायची आहे. घरच्यांची तयारी आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे "पोट कसं भरणार" यावर धागा वाहून जायला नको.

दोन ठिकाणांवर मन अडकलंय. पहिल्या विद्यापीठात तिला शिकवणार ते एका व्यावसायिक ऑर्केस्ट्राचे टिंपनीवादक. नाव मोठं, पण विद्यापीठात अर्धवेळ. दुसरीकडे पूर्णवेळ प्राध्यापक आहेत, डॉक्टरेट झालेले, रोज विभागात हजर. त्यांना मोठ्या ऑर्केस्ट्रात कायम जागा कधी मिळाली नाही. त्यांचा स्वतःचा छोटा संच आहे आणि नव्या संगीतकारांच्या रचना ते वाजवतात. भाचीला पहिले हवेत, तिच्या आईला दुसरे. मला मध्ये घातलंय, कारण "तू कुठेतरी विचार ना".

तर विचारते. वाजवून पोट भरणारा माणूस विद्यापीठात शिकवायला आला की विद्यार्थ्याच्या पदरात नेमकं काय पडतं? इथे बरेच संगीतवाले आहेत, मोकळेपणाने लिहा.

टपोरा

पोट कसं भरणार? (पळतोय.)

बिनसुराचा

अज्ञानातून विचारतो, राग मानू नये. व्हायोलिनला चार वर्षं लागतात हे समजतं. पण ऑर्केस्ट्रात मागे उभा राहून अर्ध्या तासात एकदा ट्रायअँगल वाजवणाऱ्या माणसाला पदवी कशाला लागते? आणि ती द्यायला व्यावसायिक वादकच का लागतो?

घुमारा

बिनसुराचा, ट्रायअँगलसारखंच 'एकदाच वाजवायचं' वाद्य घेऊन सुरू करतो: झांजा.

द्वोर्झाकच्या नवव्या सिंफनीत झांजांचा एकच आघात आहे. शेवटच्या भागात, आणि तोही धडाकेबाज नाही, मध्यम आवाजातला. म्हणजे झांजवाल्याने जवळपास पूर्ण सिंफनी गप्प बसायचं, मोजत राहायचं, वेळेवर उठायचं आणि थंड पडलेल्या हातांनी एकच सुरेख आवाज काढायचा. तो चुकला तर झाकायला पुढे दुसरा आघात नाही. आता सांगा, हे वर्गात कसं शिकवणार? कुठली जोडी उचलायची, आघाताआधी कडा किती सरकवून धरायच्या म्हणजे हवा अडकून फुसका आवाज येणार नाही, उठायचं कधी म्हणजे समोर बसलेल्या ट्रॉम्बोनवाल्याचं लक्ष उडणार नाही. पुस्तकात यातलं थोडंफार सापडतं. बाकीचं ज्याने शनिवारी रात्री हे केलंय आणि सोमवारी सकाळी तुमच्यासमोर उभा आहे, त्याच्याकडून मिळतं.

टिंपनीचं तर विचारूच नका. बाकीचा ऑर्केस्ट्रा एका स्वरात जोरात वाजत असताना टिंपनीवाल्याला पुढच्या प्रवेशासाठी ढोल दुसऱ्या स्वरात लावून ठेवायचा असतो. कान चामड्याजवळ नेऊन, बोटाने हलकी टिचकी मारून, पायाने पेडल सरकवत. शांत खोलीत हे आठवड्याभरात जमतं. सत्तर-ऐंशी माणसं भोवती वाजत असताना जमायला वर्षं जातात.

मी स्वतः याच विषयात मास्टर्स केलंय. आता मिळेल तिथे बदली वादक म्हणून वाजवतो, म्हणून पोटतिडकीने लिहितोय. कांचनमृग, तुमच्या प्रश्नावर सविस्तर रात्री लिहितो.

शिळोप्याची

व्हिओला वाजवते, हौशी ऑर्केस्ट्रात. तालवाल्यांच्या अगदी पुढ्यात बसते, त्यामुळे बोलायचा अधिकार आहे. चांगला तालवादक कोणता ते माझ्या पाठीला कळतं. :)

मात्रावृत्त

चर्चा पाश्चात्त्य ऑर्केस्ट्राची आहे, तरी एक इतिहासाची बाजू मांडतो. मी तबल्याचा माणूस.

मंचावरचे तालवादक आणि विद्यापीठ यांचं नातं फक्त टिंपनीपुरतं नाही. मृदंगमवादक टी. रंगनाथन १९६३ च्या सुमारास अमेरिकेत वेस्लियन विद्यापीठात निवासी कलाकार म्हणून गेले. नृत्यांगना बालसरस्वतींचे हे धाकटे भाऊ. त्यांच्याकडे शिकलेल्यांत रसेल हार्टेनबर्गर होते. त्यांनी वेस्लियनमधूनच मृदंगमवर पीएच.डी. केली आणि पुढे टोरांटो विद्यापीठात अनेक वर्षं तालवाद्यं शिकवली. बनारस घराण्याचे पं. शारदा सहाय हेही वेस्लियनला शिकवत, आणि बॉब बेकर त्यांच्याकडे तबला शिकले. हे बेकर आणि हार्टेनबर्गर १९७१ मध्ये सुरू झालेल्या 'नेक्सस' या तालवाद्य-संचातले. तिकडच्या तालवाद्य जगात या संचाचा दबदबा केवढा होता ते घुमारा सांगतीलच.

त्याच १९७१ मध्ये त्रिची शंकरन टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठात रुजू झाले आणि जॉन हिगिन्स यांच्याबरोबर त्यांनी कर्नाटक संगीताचा अभ्यासक्रम उभा केला. तबलावादक पं. स्वपन चौधरी कॅलिफोर्नियात कॅलआर्ट्स या कलासंस्थेत शिकवत. झाकीरभाई २००५-०६ मध्ये प्रिन्स्टनला एका सत्रासाठी प्राध्यापक होते.

मुद्दा असा, की या मंडळींना विद्यापीठांनी बोलावलं ते त्यांच्या मंचावरच्या कामासाठी. रंगनाथन यांच्याकडे संगीतातली डॉक्टरेट नव्हती, पण त्यांच्यापाशी बसून दुसऱ्याला ती करता आली. हे मला फार मोलाचं वाटतं.

घुमारा

मात्रावृत्तकाका, 'नेक्सस'ची आठवण काढलीत म्हणून आभार. माझ्या शिक्षकांच्या पिढीला त्या नावाचं वेड होतं.

आता कांचनमृग यांच्यासाठी. एक हिशेब मांडतो. त्यातून मला वाटणारं उत्तर निघतं.

सॉल गुडमन १९२६ मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिकच्या टिंपनीमागे उभे राहिले ते १९७२ पर्यंत. व्हिक फर्थ बॉस्टन सिंफनीचे मुख्य टिंपनीवादक झाले १९५६ मध्ये आणि निवृत्त झाले २००२ मध्ये. योगायोग असा, की दोघांचीही बरोबर ४६ वर्षं. गुडमन ज्युलियार्डला शिकवत, फर्थ न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरीत. क्लीव्हलँड ऑर्केस्ट्राचे क्लॉइड डफ, रॉचेस्टर फिलहार्मोनिकचे टिंपनीवादक आणि १९५९ ते २००८ ईस्टमन स्कूलमध्ये शिकवणारे जॉन बेक, सगळ्यांची गोष्ट तीच. संध्याकाळी ऑर्केस्ट्रा, दिवसा विद्यार्थी.

आता याच आकड्याकडे विद्यार्थ्याच्या जागेवरून बघा. एका ऑर्केस्ट्रात टिंपनीवाला एक आणि इतर तालवादक तीन-चार. जागा एकदा भरली की चार-चार दशकं हलत नाही. ती अडवून बसलेला माणूस तुम्हाला दर आठवड्याला शिकवतोय, आणि त्याच्या वर्गातून दरवर्षी चार-पाच जण पदवी घेऊन बाहेर पडतायत. रिकामी जागा निघाली की पडद्यामागे ऑडिशन होते. पावलांच्या आवाजावरून कोण आलंय ते कळू नये म्हणून काही ठिकाणी गालिचाही अंथरतात. कितीतरी जण तेच ठराविक उतारे वाजवतात, आणि कित्येकदा परीक्षकांना कुणीच पसंत न पडल्याने जागा रिकामीच ठेवतात.

म्हणून ऑर्केस्ट्रात बसलेला शिक्षक मिळाला म्हणजे ऑर्केस्ट्राचा दरवाजा उघडला, असा अर्थ भाचीने काढू नये. त्याच्याकडे ऑर्केस्ट्राचं काम कसं चालतं ते शिकता येतं. ते मोलाचं आहेच.

बिनसुराचा

४६ वर्षं! सरकारी खुर्चीसुद्धा लवकर सुटते.

ट्रायअँगलबद्दलचे शब्द मागे घेतले. पण मग असं दिसतंय, की हे शिक्षक अशा नोकरीसाठी मुलं तयार करतायत जी नोकरी ते स्वतःच सोडत नाहीत. यात गंमत नाही का?

आडवाटसरू

गंमत आहे, आणि विभागांना ती ठाऊकही असते. मी एका विद्यापीठाच्या संगीत विभागात पूर्णवेळ शिकवतो (संगीतशास्त्र, वादन नव्हे). शिक्षक नेमायच्या समित्यांवर बसलोय, म्हणून आतली व्यवस्था सांगतो.

'विद्यापीठात शिकवणारे व्यावसायिक तालवादक' असं एका दमात म्हटलं तरी त्यांत निदान तीन जाती आहेत. पहिली अर्धवेळ शिक्षकांची. ऑर्केस्ट्रावाले बहुतेक यातले. त्यांना तासांप्रमाणे पैसे मिळतात, विभागाच्या बैठकांना यावं लागत नाही, आणि विद्यार्थी कमी झाले तर तासही कमी होतात. दुसरी निवासी कलाकारांची किंवा संचांची, ठराविक मुदतीच्या करारावर. तिसरी पूर्णवेळ, टेन्यूअरच्या (म्हणजे कायम नेमणुकीच्या) वाटेवरची. या तिसऱ्या जागेच्या जाहिरातीत हल्ली 'डॉक्टरेट असल्यास प्राधान्य' हे वाक्य असतंच. त्याशेजारी 'किंवा समकक्ष व्यावसायिक अनुभव' असंही लिहितात, पण समकक्ष म्हणजे किती यावर समितीत वाद झाल्याशिवाय राहत नाही.

वादकाचं काम आणि विद्यापीठाचं वेळापत्रक यांचं जमत नाही, हे दुखणं खरं आहे. ऑर्केस्ट्राची तालीम दिवसा असते, आमचे वर्गही दिवसाच. दौरा आला की दोन-दोन आठवडे शिक्षक गायब. परतल्यावर एका आठवड्यात दुप्पट तास घेऊन नियमाची भरपाई होते. पण हाताला लागणारी सवय आठवड्याच्या अंतराने पडत असते. एका बैठकीत दोन तास कोंबून ती भरून निघत नाही. आमच्याकडे यावर विद्यार्थ्यांच्या तक्रारी आल्या आहेत आणि त्या रास्त होत्या.

आणि एक गोष्ट कुणी लिहिलीच नाही. तालवाद्य विभाग चालवणं हे पियानो विभाग चालवण्यासारखं नसतं. वाद्यं शेकड्यांनी. पाच सप्तकांच्या मारिंबाला ६१ पट्ट्या, आणि तो सुटा करून दुसऱ्या सभागृहात न्यायचा तर चार माणसं लागतात. कुणी कोणतं वाद्य कुठून कुठे नेलं, टिंपनीचं पेडल कुणी बिघडवलं, सरावाच्या खोल्या कुणाला कधी, ही सगळी कटकट पूर्णवेळ माणूस निस्तरतो. अर्धवेळ तारा येतो, तासभर चमकतो आणि जातो. त्या पूर्णवेळ माणसाचं नाव पोस्टरवर नसतं, पण तो नसला तर पोस्टरवरच्या माणसाला वाजवायला धड वाद्य मिळायचं नाही.

शिळोप्याची

आडवाटसरू यांच्या शेवटच्या परिच्छेदाला +१००. तालीम संपली की आम्ही पेटी उचलून घरी, आणि तालवाले अजून पुढचा तासभर सामान हलवतायत.

मात्रावृत्त

आडवाटसरू, व्यवस्थेचं बरोबर आहे. पण 'रोज हजर' हा शिकवण्याचा निकष धरला तर अडचण होईल. आमच्याकडे गुरू मैफलीला निघाले की शिष्य सोबत जायचा. तबला लावून द्यायचा, मागे बसून ऐकायचा. शिकवणी थांबायची नाही, जागा बदलायची. त्या टिंपनीवादकाने आठवड्याला एकच तास दिला, पण तालमीला मागे बसू दिलं, तर तो एक तास कितीचा झाला?

घुमारा

काका, अगदी नेमकं बोललात. यावरच माझं मत ठरलेलं आहे.

माझ्या दोन शिक्षकांपैकी एक ऑर्केस्ट्रात होते. त्यांच्या तासाला जे शिकलो त्यातलं बरंचसं दुसऱ्या कुणाकडेही शिकता आलं असतं. पण ते आम्हाला आळीपाळीने तालमीला येऊ देत. तिथे दिसलं, की विभागाचा प्रमुख कुणाला कोणता भाग वाजवायला देतो आणि त्यावरून कशी अढी पडते. कंडक्टरला 'ही काठी मऊ वाटतेय का' असं कधी विचारायचं आणि कधी मुकाट्याने काठी बदलायची. रविवारी कुणी आजारी पडलं तर फोन कुणाला जातो. मला पहिलं बदलीचं काम असंच मिळालं, कारण त्यांनी मला हाताखाली पाहिलं होतं. (यात वशिला आहे का? आहे. पडद्यामागची ऑडिशन कायम जागेला असते, बदलीच्या फोनला नसते. ज्याचा शिक्षक बाहेर वाजवत नाही, त्याला हा फोन उशिरा येतो. हे न्याय्य आहे असं मी म्हणणार नाही.)

दुसरे शिक्षक पूर्णवेळ होते, आणि त्यांनी माझा हात घडवला. एका हातात दोन, म्हणजे एकूण चार मॅलेट (टोकाला गोळा असलेल्या काठ्या) धरून मारिंबा वाजवायच्या निरनिराळ्या पकडी आहेत. कुणी स्टीव्हन्स पकड शिकवतं, कुणी बर्टन, कुणी जुनी आडवी पकड. माझ्या अंगठ्याच्या बुडाशी दुखायला लागलं तेव्हा त्यांनी बसून माझी पकड आठवड्यामागून आठवडे बदलून घेतली. दौऱ्यावरच्या माणसाकडून ते झालं नसतं.

म्हणून भाचीने 'हे केवढे मोठे' असं न विचारता, 'यांच्या बाहेरच्या कामात मला किती शिरू देतील' आणि 'हे नसतील तेव्हा इमारतीत दुसरं कोण असेल' हे विचारावं. मोठ्या नावाच्या हाताखाली पक्का पूर्णवेळ सहायक असेल तर डोळे मिटून पहिलं ठिकाण. नसेल तर मी दुसरं घेईन. निदान पदवीला. मास्टर्सला उलटं करता येतं.

टपोरा

घुमाराशेठ, डोळे मिटून कशाला, पडद्यामागून निवडा.

कांचनमृग

बापरे, एका दिवसात एवढं! सगळ्यांचे आभार. घुमारा, तुमचा प्रतिसाद भाचीला वाचून दाखवला (मराठी बोलते, वाचायला अडखळते). तिचा उलट प्रश्न: "दुसऱ्या ठिकाणचे सर ऑर्केस्ट्रात नाहीत, मग ते व्यावसायिक नाहीत का? त्यांचा संच आहे की." मला उत्तर येईना.

घुमारा

भाची हुशार आहे.

तालवाद्य-संच हा आता स्वतंत्र व्यवसाय आहे, आणि तो बराचसा विद्यापीठांनीच जन्माला घातला. एदगार वारेझने १९३१ मध्ये १३ तालवादकांसाठी 'आयोनिझासियों' लिहिलं तेव्हा ते वाजवणारे संच असे नव्हतेच. पॉल प्राइस यांनी १९५० मध्ये इलिनॉय विद्यापीठात तालवाद्य-संचाचा अभ्यासक्रम सुरू केला. श्रेयांक मिळणारा असा तो पहिलाच मानतात. त्यानंतर विद्यापीठागणिक असे संच निघाले, त्यांच्यासाठी संगीतकार लिहू लागले, आणि त्यातून बाहेर पडलेल्या मुलांनी व्यावसायिक संच काढले. सो पर्कशन १९९९ मध्ये येलच्या विद्यार्थ्यांनी सुरू केला. २०१४ पासून तोच संच प्रिन्स्टनला निवासी आहे, म्हणजे विद्यापीठातून निघालेली वाट विद्यापीठात परत आली. शिकागोचा थर्ड कोस्ट पर्कशन २०१३ ते २०१८ नोत्र दाम विद्यापीठात निवासी होता. स्टीव्हन शिक हे एकल तालवादनातलं मोठं नाव, १९९१ पासून सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात. यांतल्या कुणालाही 'ऑर्केस्ट्रात नाही म्हणजे व्यावसायिक नाही' असं म्हणून बघा.

आणि बिनसुराचा, तुमच्या गमतीचं उत्तरही इथेच आहे. जागा ४६ वर्षं सुटत नाही म्हणूनच या लोकांनी स्वतःच्या जागा तयार केल्या.

आडवाटसरू

थोडी भर. करारावरचे निवासी संच पाहताना मुदत बघावी. भाची दुसऱ्या वर्षात असताना करार संपला तर ज्यांच्यासाठी प्रवेश घेतला तेच निघून गेले, असं होऊ शकतं. अशा वेळी विद्यापीठ वाईट वागतं असंही नाही. कराराचा स्वभावच तो.

उलट टोकाचं उदाहरण गॅरी बर्टन यांचं. व्हायब्राफोनवर (मारिंबासारखंच, पण धातूच्या पट्ट्यांचं वाद्य) चार मॅलेटची जी पकड त्यांच्या नावाने ओळखली जाते तेच हे. १९७१ मध्ये बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात शिकवायला लागले, पुढे तिथेच कार्यकारी उपाध्यक्ष झाले, आणि या सगळ्या काळात मंचावर वाजवत राहिले. कारभाराच्या खुर्चीत बसून हात शाबूत ठेवणारी माणसं विरळा. मी रोज फायलींशी झुंजतो म्हणून कौतुक जास्त.

बिनसुराचा

पटलं. आता शेवटची शंका, मग मी वाचनमात्र. एकाच विभागात चार शिक्षक असतील आणि चौघांचा हात वेगळा असेल तर विद्यार्थ्याचा गोंधळ नाही का होत? तबल्यात घराणी असतात असं ऐकून आहे. इथेही तसं आहे?

मात्रावृत्त

तबल्यापुरतं सांगतो. दिल्ली आणि पूरब बाजाचा फरक हाताच्या ठेवणीपासून सुरू होतो. सुरुवातीला दोन्हीकडे पाय ठेवणाऱ्याचा हात बिघडतो, हे मी पाहिलंय. वादनात पक्का झाल्यावर मात्र दुसऱ्या घराण्याची चीज उचलता येते, उचलावीही.

घुमारा

इथेही तसंच, फक्त नाव दुसरं: 'मी अमक्याकडे शिकलो'. क्लॉइड डफ यांच्या परंपरेत काठी चामड्यावरून लगेच वर उचलून आवाज बाहेर 'काढण्यावर' भर असे. इतर काहींचा आघात अधिक थेट. टिंपनीची मांडणीसुद्धा दोन तऱ्हांची. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी मोठा ढोल वादकाच्या डाव्या हाताला, पियानोच्या पट्ट्यांसारखा खालून वर. जर्मन पद्धतीत मोठा ढोल उजवीकडे. एकीची सवय झाली की दुसऱ्या मांडणीत हात चुकीच्या ढोलावर जातो.

पण गोंधळ टाळायला एकच शिक्षक ठेवावा हेही शक्य नाही. तालवाद्यवाल्याने स्नेअर (कडक, करकरीत आवाजाचा छोटा ढोल), टिंपनी, मारिंबा-झायलोफोन, ड्रमसेट, हाताने वाजवायची वाद्यं आणि झांजा-खंजिरीपासूनची सगळी चिल्लर सांभाळायची असते. या सगळ्यांत वरच्या दर्जाचा असा एक माणूस मला तरी भेटलेला नाही. म्हणून चांगले विभाग एक पूर्णवेळ कणा ठेवतात आणि भोवती तीन-चार वाजवते लोक अर्धवेळ. टिंपनीला ऑर्केस्ट्रावाला, ड्रमसेटला जॅझवाला, एखादा तबला किंवा पश्चिम आफ्रिकी ढोल शिकवणारा. ही जुळणी कशी आहे ते विभागाच्या पानावरून कळत नाही. तिथल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारावं.

फर्थ यांची एक गोष्ट राहिलीच. बाजारातल्या काठ्या पसंत पडेनात म्हणून त्यांनी १९६० च्या दशकात स्वतःच्या मनासारख्या बनवून घ्यायला सुरुवात केली. आज जगभर विकल्या जाणाऱ्या त्या काठ्यांवर त्यांचं नाव आहे. काय बिनसतंय हे जो रोज वाजवतो त्यालाच टोचतं.

शिळोप्याची

सगळे कला-कला करतायत, मी कानाबद्दल बोलते. कांचनमृग, दोन्ही ठिकाणी हे नक्की विचारा: सरावाच्या खोल्या किती मोठ्या आहेत, भिंतींना आवाज शोषणारं आवरण आहे का, आणि शिक्षक स्वतः कानात प्लग घालतात का?

अमेरिकेतल्या नायॉश या सरकारी संस्थेची शिफारस ८५ डेसिबलला दिवसाला ८ तासांची आहे, आणि त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. छोट्या खोलीत स्नेअर किंवा झांजा वाजवताना आवाज तिथवर सहज जातो. तालवाल्यांच्या पुढ्यात बसून मीच प्लग वापरायला लागले, मग वाजवणाऱ्याचं काय. संगीतवाल्यांसाठीचे प्लग सगळे स्वर सारखेच कमी करतात, औषधाच्या दुकानातले फोमचे नकोत. जुन्या पिढीतले काही शिक्षक याला नाजूकपणा म्हणतात. असा शिक्षक भेटला तर बाकीचं सगळं जमेचं असलं तरी मी एक गुण वजा करेन.

घुमारा

दोन गुण वजा करा. माझ्या उजव्या कानात बारीक शिट्टी वाजते, ती काही चांगल्या सुरात नाही.

कांचनमृग

ताजी खबर. भाचीने दोन्हीकडे मेल टाकून सरळ विचारलं. टिंपनीवाल्या सरांनी स्वतः उत्तर दिलं: हंगामाचं वेळापत्रक जोडलंय, ते कोणत्या आठवड्यांत नसतील त्यावर खुणा केल्यात, आणि त्या आठवड्यांत त्यांच्या विभागाचे सहायक तास घेतात असं लिहिलंय. तालमीला बसायची परवानगी ऑर्केस्ट्राच्या व्यवस्थापनाकडून सत्रापुरती काढावी लागते, ती ते काढून देतात. प्लगबद्दल एकाच ओळीत 'सक्तीचे'.

दुसऱ्या सरांनी मेलऐवजी फोन केला आणि खूप वेळ बोलले. पहिलं वर्ष फक्त स्नेअर आणि मारिंबा, टिंपनी दुसऱ्या वर्षापासून. संचात पहिल्याच सत्रात जागा. तिने 'तुमच्याकडून ऑर्केस्ट्रात कोणी गेलंय का' विचारलं, तर 'दोघं, आणि शाळांमध्ये शिकवणारे पुष्कळ' असं स्वच्छ सांगितलं. तिच्या आईने एवढ्यावरच मनात प्रवेश घेऊन टाकलाय.

आता दोन्हीकडे एक-एक नमुना तास आहे. त्यावरून तिने ठरवायचं असं घरात ठरलंय, आम्ही दोघी गप्प बसणार आहोत. (आईचं सांगता येत नाही.)

घुमारा, एक घाईचा प्रश्न. पहिल्या ठिकाणी टिंपनी जर्मन मांडणीत असतात असं कळलं. ती मोठा ढोल डावीकडे ठेवून शिकलीय. नमुना तासाला काय करावं?

घुमारा

आधी मेलमध्ये कळवावं, म्हणजे तास सुरू व्हायच्या आत ढोल फिरवून ठेवतील. पाच-दहा मिनिटांचं काम आहे, कुणी नाराज होत नाही. फक्त फिरवल्यावर प्रत्येक पेडल एकदा खालपासून वरपर्यंत दाबून बघायला सांगा. अनोळखी पेडल किती सैल आहे ते वाजवताना कळलं तर उशीर झालेला असतो. तिच्या सवयीच्या काठ्यांच्या दोन जोड्या, एक मऊ आणि एक कडक, सोबत असू द्या. आणि शेवटच्या दहा मिनिटांत तिने स्वतःहून म्हणावं, "आता जर्मन मांडणीत लावून बघू का?" हात चुकणारच. चुकल्यावर सर काय करतात ते तिने नीट बघावं, आणि घरी आल्यावर तुम्ही तिला तेवढंच विचारा.